मौनात मंजूर झालेला अर्थसंकल्प

अर्थसंकल्प म्हटलं की माणसं जांभई देतात. द्या बाप्पा, माझी हरकत नाही. मी स्वतः नोकरीभर दिली आहे, भर सभेत, फायलीआड तोंड लपवून. नागपूरला अगदी खेटून असलेल्या एका नगर परिषदेत मी लेखापाल होते. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली निम्मी मंडळी अजून सकाळी फिरताना भेटतात आणि या वयात मला फिरायची जागा बदलायची नाही.

लेखापाल पैसे मोजतो असा बाहेरच्यांचा समज असतो. पैसे मोजायला रोखपाल असतो. लेखापालानं फक्त 'यात बसत नाही' असं म्हणायचं असतं. नगर परिषदेचा पैसा एका थैलीत नसतो, तो स्वयंपाकघरातल्यासारखा डब्यांत असतो. दिवाबत्तीचा डबा, नाल्यांचा डबा, पगाराचा डबा, मोकाट कुत्र्यांचा डबा. आम्ही त्यांना शीर्ष म्हणतो. डाळीच्या डब्यातले पैसे साखरेला घ्यायचे तर सगळ्या घरानं एकत्र बसून हो म्हणायला पाहिजे. आणि त्या कामाचा डबाच नसला तर दारात कोणी मरत का असेना, एक रुपया निघत नाही. हे शेवटचं वाक्य मी नवीन बाबू लोकांना घाबरवायला उगाच बोलायचे. पुढे ते बोलणं बंद केलं.

वर्षातून एकदा, मार्च संपायच्या आत, हे सगळे डबे ठरवायला विशेष सभा भरते. तिथे खरं भांडण एकाच गोष्टीवर होतं, गट्टूंवर. रस्त्याच्या कडेला बसवतात त्या सिमेंटच्या विटांना आमच्याकडे गट्टू म्हणतात. प्रत्येक सदस्याला आपल्या वॉर्डात गट्टू पाहिजेत, असलेले उखडून नवे पाहिजेत, आणि शेजारच्या वॉर्डापेक्षा चार जास्त पाहिजेत. एका सदस्यानं तर शेताकडे जाणाऱ्या पांदणीला गट्टू मागितले होते. मी म्हटलं, भाऊ, तिथून फक्त बैल जातात. ते म्हणाले, "मंग बैलायनं काय चिखलातच मरावं?"

गट्टू न मागणारा एकच सदस्य मी पाहिला, वासुदेवराव. विरोधी बाकावरचे सर्वांत जुने. पांढरा सदरा, काखेत नियमांचं जीर्ण पुस्तक. त्यांना एकदा कुत्रं चावलं होतं आणि त्यांनी ते कधी विसरू दिलं नाही. दरवर्षी सभेत उभे राहायचे. "कुंदाताई, मोकाट कुत्र्यांच्या शीर्षात मागच्या वर्षी तरतूद होती. खर्च किती झाला?" शून्य झालेला असायचा. "मग माझी पोटरी कोणाच्या शीर्षात टाकली?" सभा हसायची, मी पण हसायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा शून्य.

सभागृहाच्या रीतीभातींचे राखणदारही तेच. त्यातली एक रीत इथे सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आजी किंवा माजी सदस्य वारला तर त्यानंतरची सभा श्रद्धांजलीनं सुरू व्हायची. सगळ्यांनी उभं राहून मौन पाळायचं आणि मौन संपलं की सभा तहकूब, म्हणजे पुढच्या तारखेवर. त्या दिवशी दुसरं काही कामकाज नाही. मान ठेवायची चांगली रीत आहे. वर्षा-दोन वर्षांत कोणी एखादा जायचा, आम्ही उभे राहायचो, घरी जायचो. सभा लवकर सुटली म्हणून मला आतून बरंही वाटायचं.

मग ती कोरोनाची दुसरी लाट आली.

त्या मार्चचं वर्णन मी करणार नाही, नागपूरच्या आसपास राहणाऱ्या कोणालाच ते नको आहे. ऑफिसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या, जिन्याला औषधाचा उग्र वास, आणि मी दोन मास्क लावून अर्थसंकल्प मांडत बसलेली. नेमका त्याच वर्षी मी एक नवा डबा केला होता. शववाहिकेचा दुसरा चालक.

आमच्याकडे शववाहिका एक आणि ती चालवणारा माणूसही एकच, देवराव. कंत्राटी. एरवी त्या गाडीला काम थोडं, म्हणून देवराव उरलेल्या वेळात पाण्याचा टँकर चालवायचा. उंच, थोडा वाकलेला, बोलताना नेहमी दुसरीकडे बघणारा. लाट सुरू झाली तसा तो शेजारच्या वाडी गावातली भाड्याची खोली सोडून आमच्या गाडीखान्यात झोपायला आला. घरी बायको, पोरं, संसर्ग नेऊ नये म्हणून. उचलायला सफाईची माणसं पाळीपाळीनं यायची, पण स्टिअरिंगला हात लावायला कोणी तयार नव्हतं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दवाखाना, घाट, दवाखाना, घाट.

एक दिवस तो लेखा शाखेच्या खिडकीशी आला. आत यायचा नाही, कोणाच्या जवळच जायचा नाही.

"मॅडम, ते दुसऱ्या ड्रायव्हरचं कधी होते जी?"

"अर्थसंकल्प पास झाला की लगेच. का रे?"

"माय पडली जी, भिवापूरले. अंगणात घसरली तं तेव्हाची उठलीच नाही. डॉक्टर म्हणते, वय झालं, आता घरीच ठेवा. माह्यं नाव घेऊन राहिली सारखी."

"अरे मग जा ना! रजा टाक."

त्यानं गाडीकडे मान वळवली. "अन् हिले कोण चालवन जी?"

मी मुख्याधिकाऱ्यांना फोन केला. कोवळा मुलगा, पहिलीच नेमणूक, स्वतः घरी विलगीकरणात पडलेला. मी म्हटलं, साहेब, आजच एक माणूस नेमू. वाडीच्या ट्रान्सपोर्टमधला रफिक म्हणून ड्रायव्हर तयार आहे, त्याचा ट्रक उभाच आहे. त्याला फक्त लेखी आदेश पाहिजे, मागे एका ठिकाणी तोंडी बोलीवर राबवून घेतलं आणि पैसे दिले नाहीत म्हणून. साहेब खोकत म्हणाले, "मॅडम, शीर्ष कुठे आहे? आपत्तीचा निधी दवाखान्यापुरता आहे. उद्या वसुली माझ्या पगारातून निघेल." हे त्याला मीच शिकवलं होतं, रुजू झाला त्या आठवड्यात.

म्हणजे आता सगळं सभेवर आलं. सभा पास करेल तर डबा, डबा असेल तर आदेश, आदेश निघेल तर रफिक, आणि रफिक आला तर देवराव आईकडे.

सभा मोबाइलवर घ्यायची होती. आमच्या सदस्यांनी मोबाइलवरची सभा कशी घेतली यावर वेगळं लिहिता येईल. कोणाचा पंखा दिसतोय, कोणाच्या घरचा कुकर शिट्या देतोय, कोणी उलटाच. नगराध्यक्षा वैशालीताई राखीव जागेवरून निवडून आलेल्या, वयानं लहान, बोलणं थोडं. त्यांच्या खुर्चीशेजारी पडद्याबाहेर त्यांचे यजमान बसायचे आणि ताई बोलण्याआधी तिकडे बघायच्या. सगळ्या गावाला ते माहीत होतं. मी अर्थसंकल्पाची प्रत आधीच सगळ्यांच्या ग्रुपवर टाकली होती. प्रत्येक वॉर्डाच्या गट्टूंतून थोडं थोडं काढून दुसऱ्या चालकाचा डबा भरला होता, तेव्हा भांडण होणार हे धरूनच बसले होते.

भांडण झालंच नाही. त्याच सकाळी माजी अध्यक्ष वारले होते. सगळे उभे राहिले, मौन झालं, सभा तहकूब.

दुपारी देवराव खिडकीशी. "झालं का जी पास?"

"नाही रे. तहकूब झाली."

"काहून?"

"माजी अध्यक्ष गेले ना. श्रद्धांजली."

"हो जी," तो म्हणाला. "त्यायले मीच नेलं सकाळी."

पुढची तारीख चार-पाच दिवसांनंतरची मिळाली. तिच्या आदल्या दिवशी कळलं, एक जुने माजी सदस्य गेले. मी कपाळाला हात लावला. कितीदा विचार केला आणि शेवटी वासुदेवरावांना फोन लावला. म्हटलं, भाऊ, या खेपेला श्रद्धांजली वाहू, पण तहकुबी मागू नका. देवरावाची सगळी हकीकत सांगितली.

ते म्हणाले, "कुंदाताई, तुमचं पटते मले. पण उद्या देवरावासाठी रीत मोडली, मंग कोणासाठी पाळाची? माणूस आज गेला अन् आपण उद्या गट्टूंवरून भांडत बसाचं? अन् भांडणार तं आहेच सारे. लाज वाटते वं मले."

"मग देवरावानं काय करायचं?"

"एकतीस मार्चच्या आत आणखी एक सभा लावा. मी गट्टूवाल्यायले बोलू देत नाही, माहा शब्द."

"तब्येत सांभाळा," मी म्हटलं. "कुत्र्यांचा खर्च बाकी आहे तुमचा."

ते हसले आणि हसता हसता खोकायला लागले. मला तो खोकला आवडला नाही. सभा दुसऱ्यांदा तहकूब झाली. त्या दुपारी देवराव खिडकीतून माझं तोंड बघूनच परत फिरला. मला इतका राग आला होता की कोणावर काढावा ते कळेना. रीतीवर, साहेबावर, त्या मेलेल्या म्हाताऱ्यावर, माझ्या डब्यांवर. घरी जाऊन यजमानांवर काढला, भाजी अळणी आहे म्हणाले म्हणून.

शेवटची सभा एकतीस मार्चला लागली. त्या दिवशी झाली नाही तर नव्या वर्षाचा कुठलाच नवा खर्च सुरू होणार नव्हता आणि पुढची तारीख कधी, हे देव जाणे. सकाळी मी ऑफिसात पोहोचते तो देवराव गाडी धूत उभा. त्यानं नळ बंद केला.

"मॅडम, वासुदेवभाऊ गेले जी पहाटे."

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला त्यांचं वाईट वाटण्याआधी सभा आठवली. वाईट मागून वाटलं, आणि मग खूप वाटलं.

"घरचं कोणी येऊ शकलं नाही, सारेच पॉझिटिव्ह," देवराव म्हणाला. "भाऊ एकटेच होते मागं. मी बोलत बोलत नेलं त्यायले. आता हे दवाखान्याचं गेट, आता हा पूल, असं." मग हळूच म्हणाला, "आज बी तहकूब ना जी? आता तं आजी सदस्य आहे."

"मायची काय खबर?"

"काल पाणी बी नाही घेतलं म्हणते."

मी वैशालीताईंना फोन केला. उगाच, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. देवराव, त्याची आई, रफिक, सगळं बोलून टाकलं. पलीकडून फक्त "हं, हं" येत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "मॅडम, मौन किती वेळाचं असते? नियमात लिहिलं आहे का?"

मी म्हटलं, नाही, दोन मिनिटांची पद्धत आहे. मौन अध्यक्षांनी सांगितलं की संपतं.

"बरं," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

सभा सुरू झाली. विरोधी गटाच्या लोकांचे डोळे सुजलेले. वैशालीताईंनी श्रद्धांजलीचा ठराव वाचला, वासुदेवरावांबद्दल दोन शब्द बोलल्या, पोटरीचंही बोलल्या, आणि पुष्कळांनी नाक ओढलं. मग म्हणाल्या, "आता आपण सारे उभं राहून मौन पाळू. ते संपलं की रीतीप्रमाणे सभा तहकूब होईल. वासुदेवभाऊंची रीत मी मोडणार नाही. पण मौन मी सांगेन तेव्हाच संपेल, आणि तोपर्यंत कोणी बोलायचं नाही. अर्थसंकल्पाची प्रत तुमच्याकडे आहे, तो वाचला असं समजण्यात येते. ज्यांना मंजूर आहे त्यांनी मौनातच हात दाखवायचा. भाऊंनी मॅडमला शब्द दिला होता, गट्टूवाल्यांना बोलू देत नाही म्हणून. उभे राहा."

त्या शेजारी बघितल्याशिवाय हे सगळं बोलल्या. पडद्याबाहेरून "अवं, अवं" असा पुरुषी आवाज आला. ताईंनी त्या बाजूला हात केला आणि आवाज बंद झाला.

सगळे उभे राहिले. आता मोबाइल ठेवलेले टेबलावर, बसलेल्या माणसाच्या बेतानं. माणसं उभी राहिली तशी तोंडं पडद्यातून वर निघून गेली आणि उरली नुसती पोटं. सदरे, बनियन, एकाची बर्म्युडा, एका बाईंचा पदर. त्यांनी हात वर केले असतील तर ते मला दिसणार कुठून? मी मोजणार काय? बोलायची तर बंदी. मी हातवारे करून ताईंना दाखवलं. ताईंनी आपला हात खाली आणून पोटाशी धरला, तळवा पुढे. मग एका पोटासमोर तळवा आला, मग दुसऱ्या, मग एकेक करत जवळजवळ सगळ्यांसमोर. विरोधी गटाच्या पोटांसमोरसुद्धा. हसावं की रडावं ते मला कळेना. दोन्ही मास्कच्या आत थोडं थोडं केलं आणि तळवे मोजले.

मध्येच एक आवाज फुटला. "पण माह्या वॉर्डाचे गट्टू..."

"मौन आहे, भाऊ," वैशालीताई म्हणाल्या.

तळवे पुरेसे होते, मी मान हलवली. ताई म्हणाल्या, "मौन संपलं. सभा तहकूब." जो अर्थसंकल्प पास करायला दरवर्षी दिवस मावळायचा, तो त्या वर्षी एक शब्द न बोलता पास झाला.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे कोणाचा गैरसमज व्हायला नको की आम्ही काही मोठं केलं. लेखापरीक्षणात आक्षेप निघालाच. 'मौन पाळत असताना मंजुरी कशी दिली याचा खुलासा करावा.' मी निवृत्त होईपर्यंत खुलासे लिहीत होते आणि माझ्यानंतरच्या मुलीला तेवढा वारसा सोडून आले. पुढच्या वर्षी लाट ओसरली होती. सभा सभागृहात भरली, सगळ्यांची तोंडं दिसत होती. एक सदस्य उठले, "आता कायले दोन दोन ड्रायव्हर पाहिजे?" आणि दुसऱ्या चालकाचा डबा पुन्हा गट्टूंत रिकामा झाला. मी लिहून घेतलं. कुत्र्यांच्या खर्चाचं कोणी विचारलं नाही. मला वाटत होतं कोणीतरी विचारावं, पण ती जागा रिकामीच होती.

तर त्या एकतीस मार्चला दुपारी साहेबांनी उद्यापासूनच्या आदेशावर घरून सही पाठवली आणि रफिक कागद हातात पडताच, एक दिवस आधीच, मोटारसायकलवर हजर झाला. देवरावानं चाबी पुसून त्याला दिली, ब्रेक थोडा खाली लागतो म्हणून सांगितलं, आणि स्वतःच्या फटफटीवरून भिवापूरला जाणाऱ्या उमरेडच्या रस्त्याला लागला. मी खिडकीतून ओरडले, हळू जा!

दोनेक आठवड्यांनी तो खिडकीशी उभा दिसला. डोक्यावरची टोपी काढली तर केस काढलेले. मी समजले.

"भेटली का रे?"

"भेटली जी. आवाजावरून ओळखलं. बहुत शिव्या देल्या, इतके दिवस कुठं मेला होता म्हणे. मी दुरूनच बसलो होतो दारात, तं म्हणे, जवळ काहून येऊन नाही राहिला? माही घिन येते का? मंग गेलो जवळ. चमच्यानं पाणी पाजलं. दोन दिवस होती."

मला पुढचं विचारवत नव्हतं. पण त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न तोच असायचा, आणि माझ्याही तोंडून तोच निघाला. "मग गाडी मिळाली का तिकडे, न्यायला?"

देवरावानं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

"गाडी कायले जी?" तो म्हणाला. "खांद्यावर नेलं. चौघं होतो."